चौदाव्या आणि पंधराव्या गाण्याच्या मध्ये

४ जानेवारी

ताई,

तुझ्या नाट्यगृहाच्या दारावर एव्हाना आमच्या नाटकाची पाटी लागली असेल. शुक्रवारी पहिला प्रयोग. मी येत नाही. निर्मात्याने पुढच्या रांगेतली खुर्ची ठेवली होती, पण येऊन करू काय? डावा कान गेलाच आहे, आणि उजव्यातल्या यंत्रातून मोठ्या सभागृहात नुसता कालवा ऐकू येतो. लोक हसले की खोकले तेही कळत नाही. तालमीत एका गंभीर प्रसंगाला मी मान डोलावत हसत बसलो होतो, असं दिग्दर्शकाने नंतर कागदावर लिहून दाखवलं. फोनचं तर नावच नको. तू चार वाक्यं बोलतेस आणि मी चारही वेळा 'काय?' म्हणतो. म्हणून पत्र.

एक काम सांगतो. प्रयोग संपल्यावर लोक अभिप्रायाच्या चिठ्ठ्या पेटीत टाकतात, त्या तूच वाचतेस ना? त्यांचा गोषवारा दर सोमवारी निर्मात्याला जातो हे मला माहीत आहे. मला गोषवारा नको. लोकांनी लिहिलेले शब्द जसेच्या तसे कळव, आणि गाण्यांबद्दलचे गाळून टाक. गाणी आवडणारच. ती मूळ गायिका जाऊन बारा वर्षं झाली, तरी लोक भांडी घासताना तिचंच काहीतरी गुणगुणतात. माझा हात लागलाय तो फक्त मधल्या बोलण्याला.

याला ज्यूकबॉक्स नाटक म्हणतात. आधीच गाजलेली गाणी घ्यायची आणि त्यांच्यामधून गोष्ट ओढत न्यायची. बावीस गाणी आहेत. कराराप्रमाणे एकही गाळता येत नाही, एकही शब्द बदलता येत नाही. त्यात एक होडीचं, एक स्टेशनावरचं, दोन बाळाला झोपवायची आणि सात विरहाची. सात! माझी नायिका बँकेत काम करते. तिला सात वेळा कुणाचा तरी विरह व्हावा लागतो आणि एकदा होडीत बसावं लागतं. वीस वर्षं वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं लिहिली, त्यात निदान बटणं असतील तिथेच असायची.

दुसऱ्या अंकात, चौदाव्या आणि पंधराव्या गाण्याच्या मध्ये एक प्रवेश आहे. त्याबद्दल मुद्दाम लिही.

धाकटा

११ जानेवारी

धाकट्या,

चार प्रयोग झाले, चारही भरलेले. पायांच्या पोटऱ्या दगड झाल्यात. माझ्या हाताखालच्या दोघीजणी आजारी, त्यामुळे दोन्ही दारं, हरवलेल्या छत्र्या आणि चुकीच्या खुर्चीवर बसून भांडणारे लोक, सगळं माझ्याच गळ्यात.

पेटीत दोनशे सत्तर चिठ्ठ्या निघाल्या. दोनशेहून जास्त गाण्यांच्या, त्या तू म्हणालास म्हणून बाजूला ठेवल्या. उरलेल्यातलं लिहिते. मनाला लावून घेऊ नकोस.

'गाणी अप्रतिम. मधे मधे बोलतात ते कमी करता आलं तर बघा.' असं म्हणणारे बरेच आहेत, शब्द थोडे इकडे तिकडे. एका बाईंनी विचारलंय, 'बँकेतली मुलगी होडीत काय करते?' त्याच चिठ्ठीवर खाली दुसऱ्या अक्षरात, बहुधा नवऱ्याने, लिहिलंय, 'सुट्टी असेल.' एका जोडप्याने कळवलंय की पुढचं गाणं कुठलं येणार ते ओळखायची त्यांनी पैज लावली होती. नायक 'आज आभाळ भरून आलंय' म्हणाला आणि दोघंही एकदम म्हणाले, आलं! मागच्या रांगेने त्यांना गप्प केलं. एका आजोबांची चिठ्ठी: 'गोष्ट कळली नाही, पण माझी काही तक्रार नाही.'

तुझ्या बाजूचाही एक आहे. 'लोक उगाच नावं ठेवतात. या गाण्यांना एवढी गोष्ट पुरे. जास्त असती तर गाण्यांकडे लक्ष लागलं नसतं.' ही बाजू तुझीच ना? मला नीट कळलं नाही.

आणि एक शिक्षिका असावी, अक्षर तसं आहे. 'गाणी जुनी असून खरी वाटतात. माणसं नवी असून खोटी वाटतात.' हे लिहावं की नको असा विचार केला, पण तू जसंच्या तसं म्हणालास.

त्या प्रवेशाचं म्हणशील तर त्या वेळी मी बाहेर होते. मध्यंतरानंतर लोक कप घेऊन आत घुसतात, त्यांना अडवावं लागतं. नीट बघायला मिळाला नाही.

ताई

२० जानेवारी

ताई,

'सुट्टी असेल' वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. निदान मोठ्याने हसलो असं वाटलं.

निर्मात्याचं पत्र आलंय. वीस मिनिटांचं बोलणं कापा. गोषवाऱ्यात दर आठवड्याला 'बोलणं कमी करा' येतंय म्हणे. मी आठ मिनिटं कापली. नायिकेचा भाऊ गेला, बँकेचा मॅनेजर गेला, होडीवाल्याचं एक वाक्य उरलं. आता नायिका टेबलावरून उठते ती थेट होडीतच. कापताना वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. काहीच वाटलं नाही. सगळं कसं रद्दीतला कागद फाडावा तसं.

फक्त तो एक प्रवेश ठेवायचाय. तू बघितला नाहीस म्हणून सांगतो. आई खाटेवर आहे. मुलगी येते. आई तिला ओळखत नाही, नर्स समजते, आणि तिच्याजवळ मुलीचीच तक्रार करते. शेवटी मुलगी सांगते, मी आहे. आई ओळखते. तिथून पंधरावं गाणं, ते भेटीचं. चार तासांत लिहून झाला, एकही ओळ खोडली नाही. बाकीच्या नाटकाने माझे आठ महिने खाल्ले.

लोक त्यावर काय लिहितात? निर्मात्याला मी कळवलंय, त्याबद्दल ताईचा आकडा येऊ दे, मग ठरवू. उरलेली बारा मिनिटं काढायला तोच एक मोठा तुकडा राहिलाय.

धाकटा

२९ जानेवारी

धाकट्या,

उशीर झाला. हॉलचं छत गळत होतं, बादल्या ठेवून प्रयोग केले. लोकांना वाटलं ते नेपथ्य आहे.

त्या प्रवेशाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. जे लिहितात त्यांना तो लांबतो असं वाटतं. एकाने लिहिलंय, 'गाणी ऐकायला आलो होतो, दवाखाना बघायला नाही.' दुसऱ्याचं म्हणणं, त्या खाटेपाशी नाटक आडवं होतं. अशा सहा-सात चिठ्ठ्या आहेत. त्या या आठवड्याच्या गोषवाऱ्यात घातल्यात.

मला विचारशील तर काढ. तुझा तरी डोक्याचा ताप जाईल.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

काढला. त्याच्या जागी फोन वाजतो. नायिका उचलते, 'काय? आई बरी झाली?' म्हणते, आणि पंधरावं गाणं सुरू होतं. हे लिहायला मला तीन मिनिटं लागली. निर्माता खूश आहे. नाटक आता सुटसुटीत झालं म्हणतो.

आईचं काम करणाऱ्या नटीचं मात्र मला पत्र आलं. तिला आता दुसऱ्या अंकात फक्त फोनवरून बरं व्हायचं आहे, म्हणजे काम उरलेलंच नाही. पण ती त्यासाठी चिडलेली नव्हती. ती म्हणते, पहिल्या प्रयोगापासून लोक मागच्या दाराशी थांबून त्या प्रवेशाबद्दलच बोलतात. एक बाई म्हणे तिचा हात धरून उभी राहिली. 'तुम्हाला कुणी सांगितलं हा आवडत नाही म्हणून?' असं तिने विचारलंय.

मी तिला लिहिलं की भेटायला थांबतात ती चार माणसं, पेटीत पडतात त्या शेकडो चिठ्ठ्या. त्या माझी ताई वाचते. मला ऐकू येत नाही, माझा कान तीच आहे.

आता घरी बसून माहितीपुस्तकांचं जुनं काम पुन्हा मागून घेतलंय. शिवणयंत्राचं आहे. बरं वाटतंय.

धाकटा

२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज टेबलाशी बसते आणि उठते.

सोबतच्या पाकिटात एकशे बारा चिठ्ठ्या आहेत. सगळ्या त्या प्रवेशाच्या, आणि त्यातल्या शंभर तरी तो आवडल्याच्या. त्या मी गोषवाऱ्यात घातल्या नाहीत. तुलाही कळवल्या नाहीत. घरी आणून कपड्यांच्या कपाटात ठेवल्या होत्या. 'दवाखाना बघायला नाही' ही खरी होती, आणि तशा आणखी सहा होत्या. तेवढ्याच मी मोजल्या.

तो प्रवेश मी बघितला नाही हेही खोटं. पहिल्याच प्रयोगाला मागच्या दाराशी उभी राहून पूर्ण बघितला. त्यानंतर दर वेळी चौदावं गाणं संपत आलं की बाहेर जायची, आणि पंधरावं दाराआडून ऐकू आलं की आत यायची.

ते तुला मी लिहिलं होतं, धाकट्या. चार वर्षांपूर्वी, आई गेली त्या आठवड्यात. दवाखान्यात उशी सारखी करायला वाकले तर आई म्हणाली, 'अहो सिस्टर, जरा बसा.' आणि मला बसवून तासभर माझीच तक्रार सांगितली. मुलगी येत नाही. आली तरी घड्याळाकडे बघते. लहानपणी केस विंचरताना मान स्थिर ठेवायची नाही, आता बोलताना ठेवत नाही. मी 'हो का', 'असं का' म्हणत राहिले. मी कोण ते सांगितलं नाही, कारण आदल्या आठवड्यात सांगितलं तेव्हा ती घाबरून भिंतीकडे सरकली होती. त्याच दिवशी संध्याकाळी ती गेली. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. फक्त तुला लिहिलं, कारण ती तुझी मावशी, तू तिच्या हातचं जेवून शाळेत गेलास, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागली नसती.

तू ते नाटकात घातलंस. विचारलंही नाहीस. तेवढं मी गिळलं असतं. मान स्थिर न ठेवण्याचं वाक्य त्या नटीने इतकं आईसारखं म्हटलं की मला क्षणभर बरंच वाटलं. मग तुझी ती मुलगी म्हणाली, 'आई, मी आहे गं.' आणि आईने ओळखलं. मिठी. वाद्यं. सगळं सभागृह नाक पुसतंय.

मला नाही ओळखलं तिने. तुला पंधरावं गाणं गाठायचं होतं म्हणून तू तिला ओळखायला लावलंस, आणि मी ते आठवड्यातून पाच वेळा दारावर उभं राहून बघायचं.

हे तुला पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. तू इतक्या उत्साहात होतास, आणि तुझे कान असे. नाही लिहिलं. त्याऐवजी हे केलं. हे जास्त वाईट आहे, मला कळतं.

आता पेटीत रोज दोन-चार तरी चिठ्ठ्या येतात, 'ती आई-मुलीची जागा कुठे गेली?' या सोमवारपासून त्या गोषवाऱ्यात घालते आहे.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

पाकीट पोचलं का? एवढंच कळव.

ताई

९ एप्रिल

ताई,

पोचलं होतं. पाच उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिली दोन तुला वाचवली नसती.

मी फार चिडलो होतो. जन्मात एकच प्रवेश असा लिहिला की ज्यावर शंभर माणसांनी उभ्या उभ्या चार ओळी खरडल्या. तो मी स्वतःच्या हाताने काढला, आणि त्याच्या जागी फोन वाजवला. तू मला खोटं सांगितलंस यापेक्षा जास्त राग याचा होता की मला ते खरं वाटलं. तुझं 'लांबतो' वाचल्यावर मला वाटलं, असणारच. माझंच लिखाण ते.

मग एका रविवारी चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. बायको म्हणाली, पंखा लावू नका. दिवसभर वाचल्या. बहुतेक 'डोळे भरून आले' छापाच्या आहेत. त्यात एक आहे, बारीक अक्षरातली: 'माझ्या आईने मला शेवटपर्यंत ओळखलं नाही. इथे ओळखलेलं बघून बरं वाटलं. खोटं आहे हे माहीत आहे.'

या बाईशी मला भांडता आलं नाही. कारण मीही त्यासाठीच ते लिहिलं, ताई. पंधरावं गाणं हे निमित्त. ते गाणं फोनवरूनही गाठता येतं, हे आपण बघितलंच. मावशीच्या शेवटच्या महिन्यात मी आलो नाही. कानाच्या तपासण्या चालू आहेत असं मी सगळ्यांना सांगितलं. तपासणी एकाच दिवसाची होती. मावशीने आपल्याला ओळखलं नाही तर काय, या भीतीने मी घरी बसून राहिलो. पुढे तुझं पत्र आलं, आणि ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटलो. तुलाच ओळखलं नाही, मग मला कुठलं. त्याची लाज वाटून मी नाटकात तिला ओळखायला लावलं. स्वतःपुरतं. तुझी खोली वापरून.

विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

आता विचारतो. गोषवारा वाचून निर्मात्याला तो प्रवेश परत हवाय. मी त्याला सांगितलं, परत देतो, पण बदलून. आई ओळखत नाही. आता गाणं गाळता येत नाही, करार आहे. म्हणून मुलगी नर्स म्हणूनच ते गाते, आईला ते आवडतं म्हणून. शब्द तेच, चाल तीच. निर्माता तोंड वाकडं करून तयार झालाय. तू नको म्हणालीस तर फोनच वाजत राहील. दोन्हीला माझी तयारी आहे.

धाकटा

१६ एप्रिल

धाकट्या,

तपासणीचं मला माहीत होतं. तुझ्या बायकोने तेव्हाच सांगितलं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते, पुढे तेही विसरले.

लिही. दोन गोष्टी दुरुस्त कर. तुझी आई मुलीला 'बाळा' म्हणते. माझ्या आईने जन्मात कुणाला बाळा म्हटलं नाही, ती 'ए' म्हणायची. आणि ती तक्रार रडत करत नव्हती. शेजारणीशी गप्पा माराव्यात तशी, अगदी मजेत करत होती. नटीला ते सांग. ती रडायला लागली की मला बाहेर जावं लागेल.

ताई

१४ मे

धाकट्या,

नव्या प्रवेशाचे नऊ प्रयोग झाले. नऊही मी आत उभी राहून बघितले.

तुला ऐकू येणार नाही म्हणून नीट सांगते. आई मजेत तक्रार करते तेव्हा लोक हसतात. 'घड्याळाकडे बघते' या वाक्याला तर मोठ्याने हसतात, कारण प्रत्येकाच्या घरात कुणीतरी तसं आहे. मग त्यांच्या लक्षात येतं की ती ओळखणार नाहीये. एकाच वेळी सगळ्यांच्या नाही येत. आधी कडेच्या रांगा गप्प होतात, मग मधल्या. वाद्यं सुरू होतात, ते भेटीचं गाणं, लोकांना पाठ असलेलं, एरवी ज्यावर टाळ्यांचा ठेका धरतात ते. ठेका कुणी धरत नाही. पहिल्या दिवशी एकाने धरला आणि दोन टाळ्यांनंतर थांबला. मुलगी उशी सारखी करत गाते. आई म्हणते, 'सिस्टर, तुमचा आवाज बरा आहे.' बस.

तुझं बाकीचं नाटक अजूनही तसंच आहे. ती बाई अजून होडीत बसते. पण ही बारा मिनिटं नाटक वाटतात.

आता चिठ्ठ्या. सगळ्या. एकही लपवलेली नाही. 'चाळीस वर्षं हे गाणं आनंदाचं समजत होतो.' 'या प्रवेशासाठी पुन्हा आले, आता तिसऱ्यांदा येणार नाही, झेपत नाही.' 'आधी रडून बरं वाटायचं, आता नुसतं रडायला येतं.' 'घरी हेच चाललंय. तिकीट काढून पुन्हा तेच कशाला?' 'लेखकाला आमच्या आनंदाचं काय वावडं आहे?' 'हे लिहिणारा आणि होडी लिहिणारा एकच माणूस आहे का?' बाजूने एकतीस, विरुद्ध अठ्ठ्याऐंशी. मी तीनदा मोजल्या.

त्या शिक्षिकाबाई पुन्हा आल्या होत्या. अक्षर ओळखलं. फक्त लिहिलंय, 'हं.'

ताई

२५ मे

ताई,

कालपासून जुना प्रवेश परत सुरू झाला, हे तुला आधीच कळलं असेल. अठ्ठ्याऐंशीपुढे निर्मात्याचं तरी काय चालणार? ज्या मंडळांनी अख्ख्या रांगा धरल्या होत्या, त्यांनी विचारायला सुरुवात केली, शेवट गोड आहे ना? नटीने भांडून पाहिलं. मी भांडलोही नाही. दमलोय. आई ओळखते, मिठी मारते, ठेका. तुला नाही बघायचं तर बाहेर जात जा. तुझ्या वरिष्ठांना मी पत्र लिहू का, तेवढा वेळ तुला तिकीटखिडकीवर बसू द्या म्हणून?

एक विचारायचं राहिलं. नवा प्रवेश लिहिताना मी एकाच जागी अडलो होतो. मुलगी खोलीतून बाहेर कशी पडते? मी तिच्या हातात ट्रे दिला आणि घालवलं. ट्रे म्हणजे लेखकाची पळवाट, हे मला माहीत आहे. तू कशी निघालीस? मावशी संध्याकाळी गेली आणि तू दुपारीच घरी आली होतीस. तेव्हा सगळ्यांनी तुला विचारलं होतं, का निघालीस म्हणून. मीही विचारलं होतं, जरा तिरकसच. तू म्हणालीस, बस चुकली असती.

आता नाटकासाठी विचारत नाहीये. नाटक संपलं.

धाकटा

३ जून

धाकट्या,

तिकीटखिडकी नको. तिथे लोक जास्त भांडतात. मी हल्ली त्या वेळी दारावरच थांबते. नटी मिठी मारते तेव्हा पहिल्यासारखं होत नाही. ती कुणा दुसऱ्याची आई आहे असं वाटतं, आणि त्या दोघींचं बरं झालं असंही वाटतं. त्या बारीक अक्षरवालीसारखं.

बस चुकणार नव्हती. पाचपर्यंत दर वीस मिनिटांनी होती.

आईची तक्रार संपली तेव्हा ती थकली होती. पाणी मागितलं, दोन घोट घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'सिस्टर, तुम्हाला आई आहे का?'

मी म्हटलं, 'आहे.'

'कुठे असते?'

मी म्हटलं, 'घरी.'

ती म्हणाली, 'मग इथे काय बसलात माझ्याजवळ? जा की. वाट बघत असेल ती.' मी म्हटलं, अजून माझी वेळ संपायची आहे. तर तिने माझा हात खाटेवरून उचलून बाजूला ठेवला. आपण शाळेला उशीर करायचो तेव्हा पाठीत हात घालून दाराबाहेर काढायची ना, तसा. 'मी सांगते तुमच्या मोठ्या बाईंना. जा तुम्ही.'

ती सांगतेय आणि मी जात नाही, असं मला जमेना. मी पर्स घेतली आणि निघाले. दारातून वळून बघितलं तर ती डोळे मिटून पडली होती. काम झाल्यासारखी. घरी आले, चहा ठेवला, कपड्यांच्या घड्या घालत बसले. मग फोन आला.

तुम्ही सगळे विचारत होता तेव्हा हे सांगता आलं नसतं. तिनेच घालवलं म्हटलं असतं तर पळवाट वाटली असती, तुझ्या ट्रेसारखी. म्हणून बस म्हणाले. बस सगळ्यांना लगेच पटली.

उद्या दुपारचा प्रयोग आहे. एका शाळेच्या दीडशे निवृत्त शिक्षिका येणार आहेत, एकदम. मध्यंतरात काय होईल ते होवो.

हे कुणाला सांगू नकोस असं मी म्हणत नाही. तू लिहिल्याशिवाय राहणार नाहीस, मला ठाऊक आहे. लिहायचंच झालं तर गाणी नसलेलं लिही. आणि आधी मला पाठव.

ताई